नाका नंबर सातची संदूक

सकाळी साडेदहाला उज्वला मेथी निवडत बसली होती, तेव्हा सुतार गुरुबसप्पाचा फोन आला. "अक्का," तो म्हणाला, "तुमच्या घरात उर्दू कुणाला वाचाया येतंय का?" संदूक त्याच्या दुकानात टाकून बावीस दिवस झाले होते आणि त्याने आपण होऊन केलेला हा पहिलाच फोन होता, तोही उर्दूसाठी. उज्वलाला वाटलं, चुकून लागला असेल. पण तो पुढे म्हणाला, "रंग काढून राहिलो होतो. एकाखाली एक पाच निघाले. सगळ्यात खाली डांबर. डांबराखाली अक्षरं लागलीत, लोखंड तापवून उठवल्यावानी. त्याच्यावर रंधा मारायला माझा हात होईना. तुम्ही येऊन बघून जावा." फोन ठेवल्यावर उज्वलाने मेथीच्या काड्या भाजीत टाकल्या आणि पानं कचऱ्यात. बरोबर उलटं झालं हे तिच्या ध्यानात यायला पाच मिनिटं लागली.

संदूक तिची नव्हती, सासूची, तुळजाबाईंची होती. चौतीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट उज्वलाला कुणी विसरू दिली नव्हती. चार हात लांब, गुडघ्याच्या वर येईल एवढी उंच, माहूरच्या रानातल्या सागवानाची, आणि तिच्यापुढे उज्वलाच्या माहेराहून आलेलं लोखंडी कपाट, ज्याचं एक दार पहिल्या वर्षीच लागेनासं झालं. तुळजाबाईंचं कोणतंही भांडण शेवटी संदुकीशी येऊन थांबत असे. आमटी खारट झाली तरी, पोरगी नापास झाली तरी. "माझ्या बापानं दिली," त्या म्हणत. "अमृतरावानं. हैदराबादचा सुतार बसवला होता दारात तीन महिने." लग्न होऊन उज्वला घरात आली त्या दिवशी तिला मान म्हणून याच संदुकीवर बसवलं होतं, आणि उठली तेव्हा शालूच्या मागे पोपटी रंगाचा हा एवढा पट्टा. रंग ओला होता. त्यावर तुळजाबाई म्हणाल्या होत्या, शालू काय, पुन्हा घेता येतो. पुढे ती संदूक उघडली की उज्वलाला शिंका येत. सात, आठ, कधी अकरा. ती मोजायची, गणिताची मास्तरीण होती. तुळजाबाई जावा-नणंदांना सांगत, चंदनाचा वास हाय, सवय नसली की नाकाला झोंबतंय. चंदनाची सवय नसलेली सून. चौतीस वर्षं.

तीन वर्षांपूर्वी तुळजाबाई धाकट्या मुलाकडे, भुजंगकडे लातूरला राहायला गेल्या. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात संदूक वळेना म्हणून ती नांदेडलाच राहिली. निरोप मात्र मागे राहिला: हात लावायचा न्हाई. पण गेल्या वर्षी उज्वला निवृत्त झाली, आणि विष्णुपुरीच्या रस्त्याला त्यांनी घेतलेल्या फ्लॅटच्या खिडकीतून गोदावरीचं अडवलेलं पाणी दिसतं हे तिला पहिल्यांदा कळलं. आधी ती शाळेतून यायची तेव्हा पाणी असायचं, तिला दिसायचं नाही. त्या खिडकीशी आपल्याला एक बैठक हवी, वर गादी, आत पांघरुणं, असं तिच्या मनाने घेतलं, आणि घरात त्या मापाची एकच वस्तू होती. तिने लातूरला फोन करून बैठकीचं काही सांगितलं नाही. म्हणाली, मामी, संदुकीला वाळवी लागल्यासारखी वाटते, रंग काढून पॉलिश करून घेते. सासूला ती मामी म्हणे. पलीकडून तुळजाबाई म्हणाल्या, "रंगावर रंग दे. खरडू नको." उज्वलाने हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो बोलावला.

गुरुबसप्पाचं दुकान देगलूर नाक्याला. तो मूळचा देगलूरकडचाच, बोलताना मध्येच कानडी हेल घेणारा, आणि लाकडाशी बोलताना पूर्ण कानडी. त्याने संदूक उन्हात काढून ठेवली होती. रंग उतरलेली ती वस्तू उज्वलाला क्षणभर ओळखू येईना. आजारातून उठलेल्या माणसासारखी ती लहान झाली होती. दर्शनी बाजूला दोन ओळी, वळणदार, काळ्या. जवळ जाऊन वाकली तर नाकात काहीतरी शिरलं आणि शिंका सुरू झाल्या. गुरुबसप्पा अदबीने थांबला. नऊ झाल्यावर म्हणाला, "मलाबी परवा आल्त्या."

वाचायला खमरुन्निसाबाईंना बोलावलं. त्या उर्दू शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, दोन गल्ल्या सोडून राहत. एका निवडणुकीत उज्वला आणि त्या एकाच मतदान केंद्रावर होत्या, आणि दोन दिवस एका खोलीत काढून, एका डब्यात जेवून झालेली ती ओळख टिकली होती. त्यांनी चष्मा बदलला, पदराने अक्षरांवरची धूळ पुसली आणि वर्गात वाचावं तसं वाचलं. "सरकार-ए-आली. महकमा करोडगिरी. नाका नंबर सात." मग खालची ओळ. "जब्तशुदा तंबाकू. सन तेराशे बावन्न फसली."

"म्हणजे काय?" उज्वलाने विचारलं.

"म्हणजे निजाम सरकारचं जकात खातं, बाई, इंग्रजी बेचाळीस-त्रेचाळीस सालचं. पैनगंगेच्या पलीकडे इंग्रजाचा वऱ्हाड, इकडे आपण. नदी उतरून माल आला की नाक्यावर दस्तुरी द्यायची. चोरून आणला की जप्त." त्यांनी संदुकीवर बोटाने टकटक केलं. "पकडलेली तंबाकू ठेवायचे यात."

उज्वलाला एकदम हलकं वाटलं, परीक्षेत आपण लिहिलेलं उत्तरच बरोबर होतं आणि पुस्तक चुकीचं छापलं होतं असं कुणी चौतीस वर्षांनी येऊन सांगावं तसं. चंदन नव्हतं, तंबाखू होती. तिचं नाक बरोबर होतं. हैदराबादचा सुतार दारात बसला नव्हता. अमृतरावांनी लेकीला लग्नात सरकारी खोका दिला होता, कुठल्या तरी लिलावातला नाही तर सरळ उचललेला. तिने फोनमध्ये चार फोटो काढले, वरून, बाजूने, आणि खमरुन्निसाबाईंकडून दोन्ही ओळी मराठीत लिहून घेतल्या, खाली सहीसुद्धा.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. भागवत जेवत होता. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढल्यामुळे कोणतीही बातमी तो आधी गिळत असे आणि मग ऐकत असे. सगळं ऐकून म्हणाला, "असू दे."

"असू दे काय? मी उद्या लातूरला जाऊन येते. मामींना भेटून किती दिवस झाले."

भागवतने टीव्ही बंद केला. आई लातूरला गेल्यापासून तीन वर्षांत बायको आपण होऊन तिला भेटायला निघाली नव्हती. "आई पंचाऐंशीची आहे," तो एवढंच म्हणाला.

"मी काय मारणार आहे का त्यांना," उज्वला म्हणाली. "फोटो दाखवणार आहे."

लातूरच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली आणि लोह्यापर्यंतचा वेळ तिने एक वाक्य बसवण्यात घालवला. मामी, तुमच्या संदुकीवर काहीतरी लिहिलेलं सापडलं. हे फार साधं. मामी, चंदनाला उर्दूत तंबाकू म्हणतात का? हे जरा तिरकस झालं, पण बरं होतं. तिने ते दोनतीनदा मनात म्हणून पाहिलं आणि प्रत्येक वेळी तुळजाबाईंचा चेहरा पाहायचा प्रयत्न केला. चेहरा येईना. त्याच्या जागी तुळजाबाईंची पाठ येत होती, पाठमोऱ्या, चुलीशी. आपण सासूकडे तोंडासमोरून कितीदा पाहिलंय याचा तिने हिशोब लावला आणि तो फारसा जमला नाही. उन्हाची तिरीप मांडीवर आली होती. कंधारचा फाटा आला तशी तिला वडिलांची आठवण झाली, कारण ते कंधारचे, आणि कारण या फाट्यावर त्यांची आठवण काढायची असा तिचा नेमच होता. पण आज ते आठवले ते निराळे, तिच्या लग्नाच्या बैठकीत बसलेले, पांढरी टोपी, गुडघ्यावर हात. पाहुण्यांनी विचारलं, आपण शाळेत काय असता? आणि ते म्हणाले, हेडमास्तर. ते हेडमास्तर नव्हते. खरे हेडमास्तर आजारी होते म्हणून सहा महिने त्यांच्याकडे नुसता कार्यभार होता आणि तोही त्या आठवड्यात जाणार होता. दारामागे उभ्या असलेल्या उज्वलाने ते ऐकलं, आणि चहाचा ट्रे हातात असताना तिला घाम फुटला. पुढे पत्रिकेत छापलं, मानपत्रात आलं, आणि सासरी आल्यावर पहिल्याच भांडणात ती स्वतः म्हणाली होती, मी हेडमास्तरांची मुलगी आहे. हे तिला आता आठवलं. ती नेमकी कुणाशी, कशावरून भांडत होती हे आठवेना, वाक्य तेवढं आठवलं, अगदी आवाजासकट. तिने खिडकीची काच सरकवली. शेजारची बाई म्हणाली, गरम हवा येते, लावा. तिने लावली. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा तिने भजी घेतली आणि सगळी खाल्ली, भूक नव्हती तरी. ते बसवलेलं वाक्य अजून तोंडात होतं, पण तेलकट झालं होतं.

लातूरला भुजंगच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, कारण पाणी आठवड्यातून एकदा येणार म्हणून दारापासून पिंपं मांडलेली. धाकटी जाऊ आरती त्यांच्यातून वाट काढत आली. "जाऊबाई, तुम्ही?" असं म्हणताना तिच्या तोंडावर जे आश्चर्य दिसलं त्याने उज्वलाला थोडं लाजल्यासारखं झालं. आत दोन पिंपांच्या मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर तुळजाबाई बसल्या होत्या. वाळून अर्ध्या झालेल्या, पण आवाज तोच. समोर शेजारच्या दोन बाया होत्या आणि त्यांना संदूक सांगणं चालू होतं. "हैदराबादचा सुतार," तुळजाबाई म्हणत होत्या, "दारात बसवला होता माझ्या बापानं." बाया मान हलवत होत्या, त्यांनी हे आधी ऐकलेलं असावं. आरतीने उज्वलाकडे पाहून डोळे मिटल्यासारखे केले. वाक्य म्हणायची हीच वेळ होती, साक्षीदारांसहित. उज्वलाने पर्समध्ये हात घातला, फोन हाताला लागला, आणि ती म्हणाली, "मामी, गुडघे कसे आहेत?"

बाया गेल्या. आरती टँकरची चौकशी करायला खाली गेली. मग मात्र उज्वलाने फोन काढला आणि समोर धरला. तुळजाबाईंनी तो डोळ्याला लावल्यासारखा जवळ नेला. बराच वेळ पाहिलं.

"खरडलीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"दार लाव."

उज्वलाने दार लावलं. तुळजाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "कोन आलतं का?"

"कुठून?"

"सरकारातनं."

उज्वलाला प्रश्न कळेना. तुळजाबाईंनी फोन तसाच डोळ्यांपुढे धरून ठेवला होता. तिने फोन काढून घेतला, आणि हात तसाच हवेत राहिला म्हणून तोही धरला. मग तुळजाबाईंनी सांगितलं, दाराकडे पाहत, एकेक वाक्य सुटं करून. त्यांचा बाप अमृता. राव कुणी म्हणत नव्हतं. पैनगंगेच्या काठाला नाका नंबर सातवर चपराशी. निजाम गेला, मग नाके उठले. "साहेब म्हनला, अमृता, हे सामान ध्यानात ठेव, मी हैदराबादला जाऊन मानसं धाडतो. गेला तो गेलाच. खुर्च्या लोकांनी नेल्या. खिडक्या नेल्या. संदूक बापानं घरी आणली, सांभाळायला. सरकारी हाय म्हनून मिरचीसुदिक ठेवू देईना तिच्यात. आमी लेकरं बसलो तर उठवायचा. सात वर्सं वाट बघितली मानसांची. रस्त्यानं कुनी टोपीवाला आला की उठून उभा राहायचा."

"मग तुम्हाला कशी दिली?"

"घरात द्यायला काय नव्हतं. आन् भ्या बी वाटायलं होतं त्याला, एवढे दिवस ठेवली म्हनून कुनी धरील. डांबर त्यानंच फासलं. गाडीत चढवताना मला म्हनला, तुळजे, सरकार आलं तर सांग, बापानं दिली. बापानं दिलेलं सरकारबी नेत नसतंय." तुळजाबाई थांबल्या. "तवापासून सांगायले."

उज्वला पिंपावर बसली. झाकण हललं आणि आतलं पाणी आपटलं. इतकी वर्षं ज्याला ती बढाई समजत होती ते एका मुलीला शिकवून ठेवलेलं उत्तर होतं, पाहुणे येवोत न येवोत, पाठ म्हणून दाखवत राहिलेलं. खानेसुमारीवाला माणसं मोजायला दारात आला म्हणून डांबरावर गेरू, तुळजाबाई सांगत होत्या. शेजारी पोलीस जमादार भाड्याने राहायला आला म्हणून निळा. आधार कार्डाचे लोक बोटांचे ठसे घ्यायला आले तेव्हा चॉकलेटी, ते तर यंत्र घेऊन आले होते.

"आणि पोपटी?" उज्वलाने विचारलं. तिला उत्तर नको होतं असं तिला विचारल्यावर वाटलं.

"तुझ्या लग्नात." तुळजाबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझा बाप शिकलेला. निजामाच्या शाळेतला, उर्दू वाचनारा, त्यात हेडमास्तर. रंगातून वळन दिसायलं होतं जरा. म्हनलं, हा मानूस यील, बघील, सगळ्यांपुढं वाचून दाखवील. रात्रीतून मारला रंग. वाळलाच न्हाई. मग तुला बसवलं वर, झाकायला." आणि थोड्या वेळाने, "लई भेत होते मी तुझ्या बापाला. तुलाबी."

उज्वलाला हसू येऊ लागलं. ते पोटातून आलं आणि थांबवता येईना. चौतीस वर्षं एकाच घरच्या दोन बाया, एकीच्या मागे राव झालेला चपराशी, दुसरीच्या मागे हेडमास्तर झालेला मास्तर, आणि दोघी एकमेकींच्या बापाला वचकून. त्या लग्नात तिचे वडील संदुकीकडे ढुंकूनही पाहत नव्हते, तिला स्पष्ट आठवत होतं, कारण ते सगळा वेळ कोपऱ्यात बसून, कुणी शाळेविषयी विचारू नये म्हणून झोपल्याचं सोंग करत होते. तिने ते तुळजाबाईंना सांगितलं. कार्यभाराचं, सहा महिन्यांचं, सगळं. हे तिने भागवतलाही कधी सांगितलं नव्हतं. तुळजाबाईंनी ऐकून घेतलं, तोंडाला पदर लावला आणि खांदे हलायला लागले. त्या रडतात की काय म्हणून उज्वला घाबरली. मग पदराआडून आवाज आला, "हेडमास्तर न्हवता व्हय त्यो." आरती परत आली तेव्हा दोघी पिंपांमध्ये बसून डोळे पुसत होत्या. कोण गेलं, असं तिने विचारलं.

"आता काय करायचं संदुकीचं?" संध्याकाळी तुळजाबाई म्हणाल्या. "कलेक्टराला नेऊन द्यायची का?"

"नेली तर चार टेबलं फिरवतील, मामी. जप्तीच्या तंबाखूची संदूक परत घ्यायचा अर्ज कुठल्या टेबलावर घेतात, ते त्यांनाच माहीत नसेल."

तुळजाबाई दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर नांदेडला आल्या. भुजंग म्हणाला, त्रास होईल आईला गाडीत. त्या म्हणाल्या, गप. उतरल्यावर घरी जायच्या आधी रिक्षा देगलूर नाक्याला न्यायला लावली. गुरुबसप्पा रंधा हातात घेऊन उभाच होता. "अज्जी, ठेवू का उडवू?" त्याने विचारलं. "उडवली तर दोन सूत लाकूड जाईल, पण साफ निघंल." तुळजाबाईंनी अक्षरांवरून हात फिरवला. डोळ्यांनी ती त्यांना कधीच वाचता आली नव्हती, कुठलीच अक्षरं येत नव्हती. दोनदा फिरवला. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. जवसाचं तेल लाव नुसतं."

आता ती खिडकीशी आहे, अक्षरं दर्शनी बाजूला, वर कापसाची गादी. उज्वलाची त्यावर बसायची पाळी क्वचित येते, कारण तुळजाबाई सकाळपासून तिथे असतात आणि लातूरला परत जायचा विषय कुणी काढत नाही. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, हे काय लिहिलंय. पहिल्यांदा खालच्या मजल्यावरच्या बाईने विचारलं तेव्हा तुळजाबाईंनी आधी दाराकडे पाहिलं. "माझा बाप करोडगिरीच्या नाक्यावर चपराशी होता," त्या म्हणाल्या आणि काहीतरी कोसळेल अशा बेताने डोळे मिटून थांबल्या. काही कोसळलं नाही. बाई म्हणाली, अय्या, किती जुनी. पुढच्या आठवड्यात अमृताचा जमादार झाला. शिमग्यापर्यंत दरोगा. जिल्हा परिषदेत एक बढती मिळायला उज्वलाला बारा वर्षं लागली होती, त्यामुळे तिने हे सगळं गणिताच्या नजरेने पाहिलं आणि वेग जरा जास्त आहे असं तिला वाटलं, पण ती बोलली नाही.

रविवारी भागवतचे जुने साहेब आणि त्यांच्या पत्नी चहाला आले. साहेबांनी वाकून अक्षरं पाहिली, बोट फिरवलं आणि हे काय म्हणून विचारलं. "माझ्या बापाची," तुळजाबाई म्हणाल्या. "नाकेदार होता. हाताखाली सात मानसं." आणि त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथे उज्वला ट्रे घेऊन उभी होती. भागवत छताकडे पाहत होता. उज्वला पुढे आली, साहेबांपुढे कप ठेवला, बाईंपुढे ठेवला, आणि कालच खमरुन्निसाबाईंना मुद्दाम फोन करून विचारून घेतलेला शब्द सावकाश उच्चारला.

"नाकेदार नव्हे, मामी. मोहतमीम होते. पैनगंगेवरचे सगळेच नाके त्यांच्याकडे होते."

तुळजाबाईंनी तो शब्द आयुष्यात ऐकलेला नव्हता. त्यांनी बशी उचलली, चहा ओतला, एक घोट घेतला आणि शब्द आत जाऊ दिला.

"हाव," त्या साहेबांना म्हणाल्या. "मोहतमीम. मी आपलं नाकेदार म्हनते, लोकांना कळावं म्हनून."